गुंतवणूक करून परदेशात कायमचं वास्तव्य: करावं का?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. आम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास. वीस-बावीस वर्षं चालवलेला उद्योग गेल्या वर्षी विकला. मुलगी सतरा वर्षांची, पुढच्या वर्षी अमेरिकेत शिकायला जाणार हे जवळपास ठरलंय. अशात एका सल्लागाराने ईबी-५ व्हिसाचं सुचवलं. ग्रामीण भागातल्या एका प्रकल्पात आठ लाख डॉलर गुंतवायचे, तिघांनाही ग्रीन कार्ड, पाच-सहा वर्षांत पैसे परत. ३० सप्टेंबर २०२६ च्या आत अर्ज गेलाच पाहिजे, नाहीतर संधी गेली, असं तो एक दिवसाआड फोन करून सांगतो.

आठ लाख म्हणजे आमच्या एकूण पुंजीच्या निम्म्याहून थोडे जास्त. बायकोचं म्हणणं, युरोपातही असे मार्ग आहेत, तिथे निदान घर तरी नावावर राहतं. माझं मन कशावरच ठरत नाही. ज्यांनी हे केलंय, किंवा करता करता थांबले, त्यांनी मोकळेपणाने लिहावं. वेळ, पैसा, मनस्ताप, सगळंच. कुठला देश बरा हेही चालेल, पण मूळ प्रश्न एकच: करावं का?

चौकस

"निम्म्याहून थोडे जास्त" हे वाचून काळजी वाटली. बाकी जाणकार लिहितीलच. वाचनखूण साठवली आहे.

नकाशा

मी गेली दहा वर्षं इमिग्रेशन वकिलांकडे अशा फायली तयार करते, म्हणून आधी तारखेचं सांगते. सल्लागार म्हणतो ती तारीख खरी आहे, पण तिचा अर्थ तो लावतोय तसा नाही.

ईबी-५ आलं १९९० च्या कायद्यातून. त्यातला रिजनल सेंटरचा भाग, म्हणजे अनेकांचे पैसे एका मोठ्या प्रकल्पात एकत्र घालायची सोय, अमेरिकी काँग्रेसने दरवेळी मुदत घालूनच चालू ठेवलाय. जून २०२१ च्या अखेरीस ती मुदत संपली आणि मार्च २०२२ पर्यंत सगळं ठप्प. ज्यांचे अर्ज आत होते तेही हात बांधून बसले. त्या अनुभवातून मार्च २०२२ च्या सुधारणा कायद्यात असं घातलं की ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेले अर्ज, पुढे योजना बंद पडली तरी, निकालात काढावेच लागतील. योजनेची स्वतःची मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. म्हणजे २०२६ च्या त्या तारखेला दार बंद होत नाही, नंतर आत येणाऱ्याच्या डोक्यावर ते छप्पर नसेल. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून रक्कम महागाईप्रमाणे वाढणार, हेही कायद्यातच आहे. तेव्हा लवकर केलेलं बरं हे खरं, पण एक दिवसाआड फोन करण्याइतकी घाई त्याला त्याच्या कमिशनची आहे.

आठ लाख हा ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागातला आकडा, एरवी साडेदहा लाख. प्रत्येक गुंतवणूकदारामागे दहा जणांना पूर्णवेळ काम मिळालं पाहिजे. ग्रामीण म्हणजे महानगर क्षेत्राच्या बाहेर आणि वीस हजारांहून मोठ्या गावाच्याही बाहेर. अशा प्रकल्पांना दरवर्षीच्या व्हिसांपैकी २० टक्के राखीव असतात आणि त्यांचे अर्ज आधी हातात घेतात. भारतात किंवा चीनमध्ये जन्मलेल्यांना सर्वसाधारण कोट्यात रांग आहे, राखीव कोट्यात अजून लागलेली नाही. जन्म कुठला ते बघतात, पासपोर्ट कुठला ते नाही.

आता "पाच-सहा वर्षांत पैसे परत" याबद्दल. त्याला सांगा, हे लेखी हमी म्हणून दे. तो देणार नाही, कारण कायद्याप्रमाणे पैसा जोखमीतच असावा लागतो. परतफेडीची हमी करारात असेल तर त्याच कारणाने अर्ज नामंजूर होतो. तोंडी हमी देणारा माणूस एकतर कायदा जाणत नाही किंवा तुम्हाला फसवतोय.

रानपाखरू

नकाशाताईंचं शेवटचं वाक्य मला २०१५ मध्ये कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

तेव्हा पाच लाख डॉलर लागायचे. प्रकल्प एका हॉटेलचा. माहितीपत्रकात तळमजल्याच्या दालनाचं चित्र होतं, झुंबरासकट. २०१७ मध्ये पहिली मंजुरी आली, २०१८ मध्ये दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड घेऊन आम्ही उतरलो. पहिल्याच आठवड्यात भाड्याची गाडी घेऊन चार तास चालवत ते हॉटेल बघायला गेलो. तारेचं कुंपण, आत काँक्रीटचे तीन मजले, चौथ्याच्या सळया वर उघड्या, तांबूस गंज चढलेला. कुंपणाला बांधकाम परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत अडकवला होता, पिशवीत पाणी शिरून अक्षरं पसरलेली. बायको गाडीतून उतरलीच नाही. मी कुंपणाच्या बाहेरून फोटो काढत राहिलो, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून.

पुढे दुसरा कर्जदाता आला, काम परत सुरू झालं, हॉटेल उभं राहिलं. नोकऱ्या मोजताना बांधकामावरचा खर्च धरतात, त्यामुळे आमचा दहाचा आकडा कसाबसा भरला. अट काढण्याचा अर्ज, आय-८२९, कार्डाची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत करायचा असतो. तो २०२० मध्ये केला, मंजूर झाला २०२४ मध्ये. मधली चार वर्षं प्रत्येक विमानतळावर मुदत संपलेलं कार्ड आणि सोबत मुदतवाढीचं पत्र दाखवायचं. ते पत्र घडीवर फाटलं, मग चिकटपट्टी लावली, मग अधिकारी विचारायला लागला की चिकटपट्टी कशाला.

पैशांचं म्हणाल तर पाच लाखांपैकी दोन लाख चाळीस हजार आलेत. बाकीचे त्या नव्या कर्जदात्याच्या मागे उभे आहेत. करारात अगदी मागच्या पानांवर लिहिलेलं होतं की आधी बँकांचं देणं फिटणार, मग आमचं. मी ती पानं वाचली नव्हती. एजंटने सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावून दिल्या होत्या, मी चिठ्ठ्या बघून सह्या केल्या.

मुलांची शिक्षणं झाली, दोघं मार्गी लागली. केल्याचा पश्चात्ताप नाही. पण पुंजीच्या निम्म्याहून जास्त कधीच घालू नका, उंबरठा. आमची एक पंचमांश होती, तरी त्या चार वर्षांत झोप उडाली होती.

सडेतोड

कुणाला राग आला तरी चालेल, पण मला हा सगळा प्रकारच पटत नाही. शिकलेला माणूस दहा-दहा वर्षं नोकरीच्या व्हिसावर रांगेत उभा आहे. निर्वासित माणूस छावणीत बसलाय. आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो बाजूच्या दाराने आत. शिवाय जिथे घर घेऊन वास्तव्य मिळतं तिथल्या लोकांना घरं परवडेनाशी होतात. स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून ही योजना बंद केली ती घरांच्याच कारणाने. आयर्लंडने २०२३ मध्ये बंद केली. मायदेशी कमावलेला पैसा तिकडे नेऊन टाकायचा आणि वर त्याला "मुलांचं भविष्य" म्हणायचं, हे मला खटकतं.

सोनसळी

सडेतोड, तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे, पण एक फरक करू या. नागरिकत्व विकणं वेगळं आणि गुंतवणूकदाराला राहायची परवानगी देणं वेगळं. माल्टाच्या नागरिकत्व योजनेविरुद्ध युरोपीय न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ ला निकाल दिला, तो नागरिकत्वाबद्दल होता. खरं नातं नसताना पैशांवर नागरिकत्व देता येणार नाही, असा त्याचा गाभा. मला तो पटला. वास्तव्याच्या योजना त्यात अडकल्या नाहीत.

आमचा पोर्तुगालचा अनुभव सांगते. २०२१ मध्ये आम्ही एका फंडात पैसे घातले. तिथे वर्षाला सरासरी सात दिवस राहिलं तरी परवाना टिकतो, म्हणून ते निवडलं. बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळायला दोन वर्षं गेली. रोज सकाळी संगणक उघडून तारीख सुटली का बघायचं, हे माझं कामच होऊन बसलं होतं. शेवटी ती ज्या गावात मिळाली ते लिस्बनपासून पार दुसऱ्या टोकाला. गेलो. वीस मिनिटांत काम झालं.

घर घेऊन मिळवायचा तिथला मार्ग ऑक्टोबर २०२३ च्या कायद्याने बंद झाला, तेव्हा उंबरठावहिनींना तो पर्याय आता नाही. पाच लाख युरो फंडात, किंवा कला-वारशासाठी अडीच लाखांची देणगी, असे मार्ग उरलेत. देणगी परत येत नाही हे उघड आहे.

एक सांगते. पाच वर्षं फक्त सात दिवसांची हजेरी लावायची आणि मग कायमचे हक्क मागायचे, हे मलाच जड जायला लागलं. म्हणून मी पोर्तुगीज शिकले, ए-२ या सुरुवातीच्या पातळीची भाषा परीक्षा दिली, आणि गेल्या वर्षी सलग पाच महिने राहिले. शेजारच्या आजींशी मोडक्या पोर्तुगीजमध्ये तासन् तास बोलते. सडेतोड, तुमच्यासारखं कुणीतरी बोललं होतं म्हणूनच.

सडेतोड

सोनसळी, हे आवडलं. माझा मूळ आक्षेप आहे तिथेच आहे, पण हे मनापासून आवडलं.

ओसरी

ग्रीसबद्दल लिहितो, कारण "घर तरी नावावर राहतं" हे आमच्या घरातही झालं होतं. पूर्वी अडीच लाख युरोंच्या घरावर व्हिसा मिळायचा. १ सप्टेंबर २०२४ पासून अथेन्सचा भाग, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि मोठ्या बेटांवर आठ लाख, बाकी देशात चार लाख. एकच घर हवं आणि ते किमान १२० चौरस मीटरचं. अडीच लाखांची सोय आता फक्त दुकान-कचेरीच्या जागेचं घर करणाऱ्यांना किंवा जुनी वारसा वास्तू दुरुस्त करणाऱ्यांना उरलीय.

आम्ही अशीच एक जागा घ्यायला निघालो होतो. बायकोने एकच प्रश्न विचारला, हे भाड्याने देता येईल का? तर पर्यटकांना दिवसांवर देता येत नाही, मोठा दंड आहे. आणि व्हिसाधारकाला तिथे नोकरी करता येत नाही. म्हणजे उत्पन्नाची वाट जवळपास बंद, घर सांभाळायचा खर्च चालू, आणि आम्ही तिथे राहणार नाही. घर नावावर असलं तरी ते आपल्याला सांभाळत नाही, आपण त्याला सांभाळतो. थांबलो.

शब्दवेडी

एक भाबडा प्रश्न. धाग्याच्या नावात "कायमचं" आहे. पण रानपाखरूंचं कार्ड दोन वर्षांचं होतं, ग्रीसचं पाच वर्षांचं वाटतंय, दुबईचा गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा ऐकलाय. मग कायम म्हणजे नेमकं किती?

नकाशा

प्रश्न मुळीच भाबडा नाही, अर्धे लोक इथेच फसतात.

अमिरातीचा गोल्डन व्हिसा वीस लाख दिरहॅमच्या घरावर मिळतो, तो दहा वर्षांचा आणि नूतनीकरणाचा. घर विकलं की त्याचा आधारच गेला. ग्रीसचा पाच वर्षांचा, घर हातात आहे तोवर पुन्हा पुन्हा मिळतो, पण नागरिकत्व हवं तर सात वर्षं खरोखर तिथे राहून भाषेसकट परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेचं ग्रीन कार्ड अट निघाल्यावर कायमचं, मात्र तिथे राहणार असाल तरच. दीर्घकाळ बाहेर राहिलात तर वास्तव्य सोडलं असं धरतात. "कार्ड घेऊन ठेवू, जाऊ कधीतरी" असं त्यात चालत नाही. उलट न्यूझीलंड. तिथे एप्रिल २०२५ पासूनच्या नियमांत पन्नास लाख न्यूझीलंड डॉलर थेट उद्योगांत किंवा मान्य फंडांत तीन वर्षं ठेवायचे आणि त्या काळात एकवीस दिवस राहायचं, इंग्रजीच्या परीक्षेची अट काढून टाकलीय. रक्कम मोठी, हजेरी थोडी.

उंबरठा, म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा की तुम्ही दोघं तिकडे राहायला जाणार आहात का? मुलीचं सोडा. तुम्ही दोघं.

गलबत

"कायम" वरून आठवलं. योजनाच कायम नसतात. मी लंडनच्या गुंतवणूकदार व्हिसाची तयारी करत होतो. वीस लाख पौंड लागायचे. बँकेत खातं उघडायलाच पाच महिने गेले, कारण बँकेला प्रत्येक पैशाचा उगम हवा होता. १७ फेब्रुवारी २०२२ ला दुपारी वकिलाचा मेसेज आला, योजना आजपासून बंद. पूर्वसूचना नाही, सवलतीची मुदत नाही. आमचा अर्ज दुसऱ्या दिवशी जाणार होता. कागदांचा गठ्ठा अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

कॅनडाचं तर त्याहून कठीण. १९८६ पासून चाललेली संघीय गुंतवणूकदार योजना २०१४ मध्ये रद्द केली आणि वर्षानुवर्षं रांगेत असलेल्यांचे अर्ज फी देऊन परत पाठवले. रांगेत उभं राहिलं की आपला नंबर लागणारच, असा कुठला नियम नसतो हे तेव्हा जगाला कळलं. ऑस्ट्रेलियाने पन्नास लाख डॉलरवाली योजना २०२४ मध्ये गुंडाळली.

फसवणुकीचंही सांगतो. व्हर्माँटमधल्या जे पीक प्रकरणाबद्दल जरूर वाचा. स्की रिसॉर्ट, हॉटेलं, जैवतंत्रज्ञानाचा कारखाना, असं सगळं दाखवून ईबी-५ मधून साडेतीन कोटी नव्हे, पस्तीस कोटी डॉलर गोळा केले. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने खटला भरला. न्यूपोर्ट गावात मुख्य रस्त्यावरचा एक अख्खा ब्लॉक पाडला होता, तिथे पुढे वर्षानुवर्षं खड्डाच राहिला. आणि राज्य सरकारचाच विभाग त्या रिजनल सेंटरमागे होता. सरकारी शिक्का बघून लोक निश्चिंत झाले होते.

चौकस

त्या गुंतवणूकदारांच्या ग्रीन कार्डांचं काय झालं?

नकाशा

काही प्रकल्प पुरे झाले होते, नोकऱ्या भरल्या, त्यांना मिळाली. कारखाना उभाच राहिला नाही, त्यातल्यांचा पैसा आणि कार्ड दोन्ही टांगणीला लागलं. त्यामुळेच २०२२ च्या कायद्यात बऱ्याच गोष्टी आल्या. पैशांवर स्वतंत्र फंड प्रशासकाची नजर किंवा दरवर्षी हिशेबतपासणी, दलालांना सरकारदरबारी नोंदणी आणि कमिशन उघड करण्याची सक्ती. आणि प्रकल्पावर किंवा सेंटरवर कारवाई झाली तर प्रामाणिक गुंतवणूकदाराला सूचना मिळाल्यापासून १८० दिवसांत दुसरीकडे जायची सोय, रांगेतली जुनी तारीख कायम ठेवून. पूर्वी हे नव्हतं. सल्लागाराचा नोंदणीचा कागद मागा, नसेल तर पुढचा फोन उचलू नका.

आकडेमोड

कराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. ग्रीन कार्ड मिळाल्या दिवसापासून अमेरिका तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर मागते. मायदेशातलं भाडं, व्याज, शेअर विकून झालेला नफा, सगळं त्यांच्या विवरणपत्रात दाखवायचं. परदेशी खात्यांत मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम कधी एकदा जरी गेली तरी वेगळा अहवाल. दुहेरी कर टाळायचे करार असतात, पण प्रत्येक बचतीला तिकडे तेच नाव आणि तीच सूट मिळत नाही. मागच्या पंधरा वर्षांपैकी आठ वर्षं कार्ड बाळगून ते परत केलंत, तर मालमत्ता मोठी असल्यास जाताना कर लागू शकतो. कार्ड हातात घेण्यापूर्वीच्या वर्षात करसल्लागाराकडे जा. नंतर गेलेल्यांच्या फायली मी निस्तरतो, त्यात फार थोडं करता येतं.

आणि पैसे पाठवण्यावरही मर्यादा असते. भारतातून माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, चीनमधून कॅलेंडर वर्षाला पन्नास हजार. आठ लाख एका माणसाला एका वर्षात पाठवता येत नाहीत, भारतातून नवराबायको दोघांनी मिळून, मार्चच्या आधी आणि नंतर असं दोन वर्षांत त्याचं नियोजन करावं लागतं.

पायवाट

ते ट्रम्प यांचं दहा लाखांचं गोल्ड कार्ड स्वस्त पडेल का?

नकाशा

सप्टेंबर २०२५ च्या आदेशातलं ते. दहा लाख डॉलर सरकारला भेट द्यायचे, शिवाय पंधरा हजार प्रक्रियेचे. भेट म्हणजे परत यायचा प्रश्नच नाही. आणि त्यासाठी नवा कोटा नाही, ईबी-१ आणि ईबी-२ या नोकरी-कौशल्याच्या गटांतलेच व्हिसा वापरतात, त्यामुळे ज्यांच्या जन्मदेशाला तिथे रांग आहे त्यांना ती तशीच.

पायवाट

धन्यवाद. अजून एक, पैसे भरून ग्रेनेडा या कॅरिबियन देशाचा पासपोर्ट घ्यायचा आणि त्यावर अमेरिकेत उद्योग चालवायचा ई-२ व्हिसा, असंही कुणी सुचवलं होतं.

गलबत

तो रस्ता आता लांबचा झालाय. २०२२ च्या डिसेंबरात नियम बदलला. पैशांवर मिळवलेलं नागरिकत्व असेल तर त्या देशात सलग तीन वर्षं खरंच राहिलेलं दाखवावं लागतं. शिवाय ई-२ वर कायमचं वास्तव्य मिळतच नाही, उद्योग चालू आहे तोवरच व्हिसा. आणि मूळ देशात दुहेरी नागरिकत्व चालत नसेल तर तिथलं सोडावं लागेल, ते वेगळंच.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल सल्लागाराकडे नोंदणीचा कागद मागितला. "पाठवतो" म्हणाला, अजून आलेला नाही. आज फोनही आला नाही.

पैशांच्या उगमाचं काम मी आठवडाभर घेऊन बसलोय. उद्योग विकल्याचे कागद चोख आहेत. सात वर्षांची करविवरणं आहेत. अडचण एकच, तीन वर्षांपूर्वी मित्राला हातउसने दिलेले पैसे त्याने परत केले, ते एकदम न येता सहा-सात तुकड्यांत आले, आणि देताना लिहून काही घेतलं नव्हतं. रक्कम फार मोठी नाही, पण ती आठ लाखांत धरली होती.

नकाशा

ती रक्कम बाजूला काढा. फाईल मजबूत असेल आणि त्यात एक धागा सुटा असेल तर अधिकारी नेमका तोच ओढतो. मी एका फाईलसाठी अकरा वर्षांपूर्वीची जमीन विक्री, त्या आधीची वाटणी आणि त्याच्याही आधीचं खरेदीखत असं तीन पिढ्यांपर्यंत मागे गेले होते, शेवटी ते खरेदीखत त्यांच्या आत्याबाईंच्या ट्रंकेत सापडलं, साडीच्या घडीत. जे दाखवता येतं तेवढंच आपलं असं समजून चला. आणि प्रकल्पवाल्यांची प्रशासकीय फी आठ लाखांच्या वर असते, तिचाही उगम दाखवावा लागतो, हे विसरू नका.

किलबिल

मी इथे सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. मी "ती मुलगी" आहे, म्हणजे होते.

मी सोळाची असताना आईबाबांनी ईबी-५ केलं, माझ्यासाठीच. मला ग्रीन कार्ड मिळालं, कॉलेजची फी कमी बसली, नोकरीला कुणाकडे व्हिसा मागावा लागला नाही. हे सगळं त्यांच्यामुळे. पण त्यांचं तिकडे काही नव्हतं. बाबांचं काम मायदेशी, आजी मायदेशी. कार्ड टिकवायला आई दर चार-पाच महिन्यांनी यायची. विमानतळावर अधिकारी विचारायचा, तुम्ही इथे राहता ना? आणि आई हो म्हणायची. खोटं बोलायची सवय नसलेली माझी आई. घरी आल्यावर बॅग तशीच दाराशी ठेवून खुर्चीत बसून राहायची. आजी गेली तेव्हा आई इकडे होती. त्यावर आम्ही अजून नीट बोललेलो नाही.

काका, तुमच्या मुलीला विचारलंत का? आमच्या घरी मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मी एकटी जाते, माझं मी बघते.

सोनसळी

किलबिल, तुला घट्ट मिठी.

रानपाखरू

माझा मुलगा हे कधीतरी असंच लिहील का, असं वाटून गेलं. आज त्याला फोन करतो.

नकाशा

किलबिलच्या मुद्द्याला धरूनच एक मार्ग सांगते, मघाशी मुद्दाम सांगितला नव्हता. अर्जदार तुम्हीच असायला हवं असं नाही. मुलगी अठराची झाली की ती स्वतः मुख्य अर्जदार होऊ शकते, पैसे तुम्ही तिला रीतसर भेट म्हणून द्यायचे, उगम तुमचाच दाखवायचा. तिला कार्ड मिळतं, तुम्हाला नाही. विमानतळावर "इथे राहता ना" याला तिचं उत्तर खरंखुरं हो असतं. ती पुढे नागरिक झाली आणि एकवीस पूर्ण असली की तुमच्यासाठी अर्ज करू शकते, तोवर तुम्हालाही कळेल की जायचंय की नाही.

तोटेही आहेत. पैसा तिच्या नावावर आणि जोखमीत. शिवाय अर्ज केल्यावर विद्यार्थी व्हिसाच्या खिडकीत अडचण येऊ शकते, कारण तो व्हिसा परत येणाऱ्याला देतात आणि तुमचा अर्ज सांगतो की ती कायमची राहणार. म्हणून आधी व्हिसा घेऊन तिकडे पोचायचं आणि मग अर्ज, की उलट, हा क्रम वकिलाकडून पक्का करून घ्या. तुम्ही मुख्य अर्जदार असाल तर मात्र तिच्या वयाकडे लक्ष हवं. एकवीस ओलांडलं की ती तुमच्या अर्जातून बाहेर, अर्ज प्रलंबित राहिलेला काळ तेवढा वयातून वजा करतात.

आकडेमोड

आणि मग जागतिक उत्पन्नावरचा कर फक्त तिच्या उत्पन्नावर येतो, जे तूर्तास शून्य आहे. निव्वळ करांच्या दृष्टीने हे कितीतरी सुटसुटीत.

उंबरठा

काल रात्री तिघं बसलो. किलबिल, तुझं लिहिलेलं मुलीला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला तिकडे राहायचंय का?" मी म्हटलं, नाही. बायको म्हणाली, मलाही नाही. हे आम्ही दोघं एकमेकांना आजवर कधी बोललोच नव्हतो.

मुलीला स्वतःला शिकून झाल्यावर तिकडे राहायचंय की नाही ते आज माहीत नाही. "मला अठरा तर होऊ द्या," म्हणाली. तेव्हा पुढच्या वर्षी ती विद्यार्थी म्हणून जाईल, तिच्या फीचे पैसे वेगळे काढले. ईबी-५ चं सल्लागाराकडून काही करायचं नाही हे नक्की. तिला मे महिन्यात अठरा पूर्ण होतील, म्हणजे सप्टेंबरपर्यंत हातात चार महिने राहतात. तेव्हा तिची इच्छा असेल तरच, आणि तोवर आमची बाकीची पुंजी सुरक्षित लावलेली असेल तरच, पुढे जाऊ. त्यासाठी स्वतःचा वकील केलाय, प्रकल्पवाल्यांनी सुचवलेला नाही. कागद मात्र आत्तापासून जमवतोय, लागले नाहीत तरी बिघडत नाही.

एकच विचारायचं राहिलं. एका दुसऱ्या प्रकल्पाचा मसुदा वकिलाने पाहायला आणलाय. त्यात एस्क्रोमधून, म्हणजे तिऱ्हाइताकडे ठेवलेल्या खात्यातून, पैसे "अर्ज दाखल होताच" प्रकल्पाला जातात असं लिहिलंय. हे नेहमीचं आहे का?

नकाशा

नेहमीचं आहे, कारण प्रकल्पाला पैसा लवकर हवा असतो. पण अर्ज नामंजूर झाला तर पैसे कोण, किती दिवसांत आणि कशातून परत करणार, हे त्याच मसुद्यात शोधा. "नवा गुंतवणूकदार मिळाल्यावर" असं असेल तर ते वाक्य बदलून मागा. त्यांनी नकार दिला तर तेही उत्तरच आहे.

रानपाखरू

आणि बँकांचं देणं आधी फिटणार हे कुठल्या पानावर लिहिलंय तेही बघा. मसुदा नाव-गाव झाकून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करतो.